पहिला क्लायंट कॉन्टॅक्ट लिस्टमध्येच असतो

‘लॅपटॉप उघडा आणि घरबसल्या डॉलरमध्ये कमवा’ छापाचं रील गेल्या महिन्याभरात तुमच्यासमोर आलं नसेल, तर तुमचा अल्गोरिदम तुमच्यावर फारच मेहेरबान आहे म्हणायचं. बाकी हॉस्टेलपासून लायब्ररीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर ते येऊन गेलंय. त्यात हल्ली एक शब्द हमखास असतो, ‘व्हर्च्युअल असिस्टंट’. मागे समुद्र, हातात कॉफी, आणि ‘कसलाही अनुभव लागत नाही’ हे ठरलेलं वाक्य.

काम खरं आहे, हे आधीच सांगून टाकते. एखाद्या व्यावसायिकाचे मेल, अपॉइंटमेंट, बिलं, ग्राहकांचे मेसेज, एक्सेलमधल्या याद्या, सोशल मीडियाच्या पोस्ट हे सगळं दुसरीकडे बसून सांभाळणारी व्यक्ती म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट. कॉलेजच्या फेस्टिव्हलचं रजिस्ट्रेशन, स्पॉन्सरचे फॉलोअप आणि रुसलेले व्हॉलंटिअर्स एकाच वेळी ज्यांनी सांभाळलेत, त्यांना यातलं अर्धं काम येतंच. घोडं अडतं ते पहिला क्लायंट कुठून आणायचा इथे. आणि रील नेमका तिथेच चुकीचा रस्ता दाखवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रील सांगतं, अपवर्कवर प्रोफाइल बनवा, फाइव्हरवर गिग टाका आणि वाट बघा. आता जरा हिशेब करू. अपवर्कवर कामासाठी अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ खर्च करावे लागतात. सुरुवातीला थोडे फुकट मिळतात, ते संपले की विकत घ्यायचे. एक कनेक्ट १५ सेंटचा. एका अर्जाला १० कनेक्ट गेले तर दीड डॉलर. असे २० अर्ज केले की ३० डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. एक रुपयाही कमावण्याआधी अडीच हजार! मेसचा महिना निघतो एवढ्यात. फाइव्हरवर अर्ज करावा लागत नाही, आपण आपलं दुकान मांडून बसायचं. पण प्रत्येक ऑर्डरमधले २० टक्के कंपनी कापून घेते. पाच डॉलरचं काम केलं तर हातात चार.

पैशांहून मोठी अडचण रेटिंगची आहे. तुमच्या नावापुढे शून्य रिव्ह्यू, आणि त्याच कामासाठी फिलिपिन्समधली माणसं रांगेत उभी, जिथे हा मोठा आणि जुना व्यवसाय आहे. परदेशातल्या अनोळखी माणसानं त्यांना सोडून तुम्हाला का घ्यावं? एकच कारण उरतं, तुम्ही सगळ्यात स्वस्त आहात म्हणून. त्या स्पर्धेत जिंकणं हेच हरणं आहे. प्लॅटफॉर्म वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दोन-तीन कामं हातावेगळी झाली, दाखवायला काही जमलं, की तिथे जरूर जा. पहिलं दार म्हणून ते उपयोगाचं नाही, एवढंच.

मग पहिलं दार कुठलं? ज्याचं काम अडलेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं.

हापूसचा सीझन घ्या. पुण्या-मुंबईतल्या निम्म्या घरांचा कोणी ना कोणी ‘आमचा रत्नागिरीचा’ किंवा ‘आमचा देवगडचा’ असतो. पूर्वी आंबा दलालामार्फत वाशीच्या बाजारात जायचा. तो अजूनही जातोच, पण आता कितीतरी बागायतदार थेट ग्राहकाला पेटी पाठवतात. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळालं, लोक ‘खात्रीचा द्या’ म्हणून थेट बागेतच फोन करतात. पण हा सगळा धंदा चालतो एका फोनवर. सकाळी काका बागेत काढणीला गेलेले, हातात झेला, आणि खिशात फोन सारखा वाजतोय. ‘पाच डझनाची पेटी केवढ्याला?’ ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी मिळेल ना?’ ‘जीपे केलंय, बघा.’ ‘मागच्या वेळी चार आंबे खराब निघाले होते.’ संध्याकाळी काका फोन उघडतात तेव्हा शंभर मेसेज साचलेले असतात. कोणाचे पैसे आले, कोणाची पेटी एसटी पार्सलनं गेली, कोणाला कच्चा हवा होता आणि कोणाला पाडाचा, सगळं एका वहीत आणि काकूंच्या लक्षात. दोन-चार ऑर्डरी दरवर्षी हुकतात. एक पेटी हुकली तर किती रुपये गेले, हे काकांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

इथे काय लागतं? काकांच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकायचं, ते फुकट आहे. ‘नवीन ऑर्डर’, ‘पैसे यायचेत’, ‘पैसे आले’, ‘पेटी पाठवली’ अशी लेबलं लावायची. दर, पोचण्याचे दिवस, आंबा पिकवायची पद्धत यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवायची. एक गुगल शीट. आणि रोजचे दोन तास. तुम्ही पुण्यात बसून हे करू शकता. हेच व्हर्च्युअल असिस्टंटचं काम, फक्त इथे समुद्र काकांच्या बाजूला आहे.

आंबा नसेल तर दुसरं काही असेल. तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवा. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते, इतिवृत्त लिहावं लागतं. बहुतेक सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ असतात आणि मराठी टायपिंग म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. जुलैमध्ये कुठल्याही छोट्या सीएच्या ऑफिसात डोकावा. रिटर्न भरायला अशिलांकडून कागद गोळा करणं, त्यांना चार-चार वेळा आठवण करणं, यातच माणसं दमतात. दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या मावशी, एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्या डेंटिस्ट मॅडम, होमस्टेवाले. यातल्या कुणीही ‘व्हर्च्युअल असिस्टंट हवी’ अशी जाहिरात कधीच देणार नाही, कारण हा शब्द त्यांनी ऐकलेलाच नाही.

म्हणून त्यांच्याकडे तो शब्द घेऊन जाऊही नका. ‘मी फ्रीलान्स व्हीए आहे, मी अमुक अमुक सर्व्हिसेस देते’ असं म्हटलं की समोरचा फक्त छान छान म्हणतो. एक काम पकडा आणि तेवढंच बोला. ‘काका, यंदा बुकिंगचे मेसेज मी सांभाळू का? रोज रात्री नऊ वाजता तुम्हाला यादी पाठवीन, कुणाला किती पेट्या आणि कुणाचे पैसे बाकी. आधी पंधरा दिवस करून बघू.’ यात काम कळतं, ते कधी मिळणार ते कळतं, आणि नको वाटलं तर थांबता येईल हेही कळतं. शक्य असेल तर आधी नमुना करून न्या. खोट्या नावांची दहा ऑर्डरींची शीट दाखवली की बोलणं पाच मिनिटांत पुढे सरकतं. बायोडेटाचं पान मात्र घरीच ठेवा.

आता पैशांचं. आपल्याकडे ओळखीतल्या माणसाकडे पैसे मागायचे म्हणजे जीभ जड होते. त्यात घरचेही म्हणतात, ‘काकांकडून कसले पैसे घेतेस? शिकायला मिळतंय ना?’ ‘अनुभव मिळेल’ हे वाक्य इंटर्नशिपपासून इव्हेंटपर्यंत सगळीकडे आपल्या पिढीला ऐकवलं जातं, आणि मला त्याचा मनापासून राग आहे. फुकट काम दिलं की दोन गोष्टी होतात. काका हक्कानं ओरडू शकत नाहीत आणि तुम्ही परीक्षा आली की गायब होता. दोघांचंही नुकसान. पहिल्या दिवसापासून पैसे घ्या, कमी घ्या हवं तर, पण घ्या.

किती? तासांवरून मोजा. दिवसाला दोन तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५० तास. तुम्ही ४ हजार म्हणालात तर तासाला ८० रुपये पडले. हे तुम्हाला परवडतं का, ट्यूशन घेतली असती तर किती मिळाले असते, हे आपलं आपण बघायचं. आकडा काकांना सांगताना तास सांगायची गरज नाही, ‘महिन्याचे इतके’ म्हणा. अर्धे आधी, अर्धे महिन्याअखेर, आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून घ्या. इथल्या क्लायंटला यूपीआय पुरेसं आहे. पेपॅलच्या भानगडीत पडू नका, १ एप्रिल २०२१ पासून ते भारतातल्या भारतात चालतच नाही, फक्त परदेशातून पैसे यायला उपयोगी पडतं.

विश्वासाचा मुद्दा राहिला, आणि तो मोठा आहे. तुम्ही दुसऱ्याच्या धंद्याच्या खिशात हात घालणार आहात. पासवर्ड मागू नका, ओटीपी तर नाहीच नाही. व्हॉट्सॲपला ‘लिंक्ड डिव्हाइस’ची सोय आहे, जीमेलमध्येही पासवर्ड न देता दुसऱ्याला मेल हाताळायला देता येतो. दोन्हीकडे मालकाला हवं तेव्हा तुम्हाला बाहेर काढता येतं. हे तुम्हीच आधी समजावून सांगितलंत की समोरच्याचा अर्धा संकोच जातो. ग्राहकांचे नंबर आणि पत्ते तुमच्या मैत्रिणीच्या केक बिझनेसच्या ग्रुपमध्ये टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते.

ओळखीतून सुरुवात करा, असं मी इतकं ठासून म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. पहिलं काम मिळत नाही म्हणून उतावीळ झालेली मुलंच ठगांना हवी असतात. ‘डेटा एंट्री, घरबसल्या, फक्त रजिस्ट्रेशन फी’ हा जुना प्रकार अजून चालू आहे. त्याची पुढची पायरी जास्त भयानक. काम दिलं जातं, एक करारपत्र ऑनलाइन सही करून घेतलं जातं, आणि आठवड्यानं कळवलं जातं की तुमची अचूकता कमी पडली, करार मोडलात, दंड भरा. मागोमाग वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस, कोर्टाची धमकी. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर घाबरतं आणि घरी न सांगता मित्रांकडून उसने घेऊन पैसे भरतं. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच येतात, मग ‘प्रीपेड टास्क’साठी आपणच पैसे भरायचे, आणि ते परत येत नाहीत. काम देणारा तुमच्याकडे पैसे मागतोय, म्हणजे तो काम देणारा नाही. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. नोटीस आली असेल तर एक रुपयाही भरू नका आणि घरी सांगा. आईबाबा ओरडतील, पण तो ओरडा दंडापेक्षा स्वस्त पडतो.

काकांच्या आंब्यांचा हिशेब तुम्ही मेअखेर नीट पूर्ण केलात, तर दोन गोष्टी मागून घ्या. एक, त्यांच्या शब्दांत दोन ओळी, ‘हिने सीझनभर आमच्या ऑर्डर सांभाळल्या’ अशा अर्थाच्या, सही आणि तारखेसह. पुढे अपवर्कवर गेलात की प्रोफाइलमध्ये हे काम लिहिताना त्या उपयोगी पडतील. दुसरी, शेजारच्या वाडीतल्या बागायतदाराचा नंबर. त्याचेही मेसेज साचलेलेच असतात, आणि पुढच्या वर्षीची बोलणी पाडव्याच्या बरीच आधी करावी लागतात.