लाकडाची सही

पिकअप म्हटले की खानदेशात केळी वाहणारी गाडी आठवते. पाचोऱ्याच्या गणेशोत्सवात तो गिटारला बसतो. चुंबकाचा पिकअप फक्त पोलादी तार ओळखतो. नायलॉनची तार त्याच्या लेखी मयत खातेदार! दुसरा घोडीखालचा पिएझो : दाबले की वीज. हा गुण क्युरी बंधूंना १८८० साली सापडला. गॅसच्या लायटरमध्येही तोच, आणि आवाजही तसाच, टक् टक्! अहो, तार घोडीवर नुसती बोलते, गाते ती लाकडाच्या पोटात. त्या पोटाची सही न घेताच चेक पास? माझे मत साध्या मायक्रोफोनला. तो शिट्टी मारतो म्हणता? मारणारच, त्याच्या कानात तुम्ही कर्णा लावलाय! कर्णा वळवा, आवाज उतरवा. पण वर्गणीदारांना तो जामनेरपर्यंत जायला हवा ना!