आजीला मत का नाही?

मास्ट्रिख्ट कराराने (१९९२) युरोपीय नागरिकाला स्थानिक मतदानाचा हक्क सीमेपलीकडेही दिला, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु लात्व्हियात स्थायिक झालेला फ्रेंच नागरिक रिगाच्या नगरपालिकेसाठी मत देतो आणि सोव्हिएत काळात तिथेच जन्मलेली, रशियन बोलणारी ‘बिगर-नागरिक’ वृद्धा मात्र देऊ शकत नाही, ही कुठली समता? १९४० च्या सोव्हिएत कब्जाची जखम खरी आहे. तिची शिक्षा या वृद्धेने का भोगावी? लात्व्हियन भाषेची परीक्षा द्यावी, असे उत्तर मिळते. आम्ही भाषेचे अध्यापक; परीक्षेच्या धाकाने भाषेची गोडी लागत नाही, हे आम्ही जाणतो. २०२० पासून बिगर-नागरिकांच्या नवजात बालकांना नागरिकत्व आपोआप मिळते. नातवंडाला जे विनापरीक्षा दिले, ते आजीला नाकारण्याचे समर्थन होऊच शकत नाही.