आजी विद्यार्थी, नात शिक्षक: मानोऱ्याच्या तांड्यांवर साक्षरतेचा वर्ग कसा सुधारेल?

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ५ ऑक्टोबर २०२४ ला देशभर टीव्हीवर दिसलं. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं. बंजारा समाजाचा वारसा तिथे मांडला आहे. पण हा वारसा ज्यांनी गाण्यांतून, गोष्टींतून जपला, त्या तांड्यांवरच्या अनेक आज्यांना पाटीवरचा मजकूर वाचता येत नाही.

सरकारी योजना काय आहे?

१५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्राचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. कालावधी २०२२ ते २०२७. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, मानधन नाही. शाळकरी मुलंही शिकवू शकतात, म्हणजे घरातली नातच आजीची बाई होऊ शकते. महाराष्ट्रात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० गुण, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के.

३३ टक्क्यांत प्रमाणपत्र मिळतं. बँकेची स्लिप वाचता येईलच असं नाही.

मग अडतं कुठे?

तांड्यावर अडचण भाषेपासून सुरू होते. घरात गोरमाटी बोलतात, पुस्तक मराठीत. पुस्तकात ‘आई’, तोंडात ‘याडी’. पुस्तकात ‘भाकरी’, ताटात ‘बाटी’. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही, महाराष्ट्रात ती देवनागरीतच लिहितात. त्यामुळे नातीने आधी ‘याडी’ लिहून दाखवलं आणि मग ‘आई’कडे नेलं, तर आजीला एका वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागत नाहीत. दोन्ही भाषा येणारी ती नात हे करू शकते. पण एका तांड्यावरच्या मुलीला सुचलेली ही युक्ती चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या तांड्यावर पोहोचणार कशी? परिपत्रकं वरून खाली येतात. आडवं जाणारं काही नसतं.

दुसरीकडे हे जमलंय का?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. गुलाबी साडीतल्या आज्यांचे फोटो तुम्हीही शेअर केले असतील. फोटोत न दिसणारी गोष्ट वेगळी आहे: शिकवणारी गावातलीच सून, घरी अभ्यास घ्यायला नातवंडं, आणि सोबत शिकणाऱ्या बाकीच्या आज्या. एकीला जमलं की दुसरी मागे राहायला तयार नसते.

गावाने गावाकडून शिकण्याचं उदाहरण मात्र पाण्याच्या कामाचं आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये ३ तालुक्यांत होती, २०१९ मध्ये ७६. मानोऱ्याला लागून असलेला कारंजा तालुकाही तिच्यात होता. प्रत्येक गावातून काही जण प्रशिक्षणाला जायचे, काम झालेली गावं डोळ्यांनी पाहायचे. ‘त्यांना जमलं, मग आपल्याला का नाही’ हा प्रश्न घेऊन परतायचे. अर्थात तिथे बक्षीस होतं, आमिर खान होता. साक्षरता वर्गाच्या वाट्याला एवढी चमक येणार नाही.

मानोऱ्यात काय करता येईल?

नवी समिती नको. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी या योजनेच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, अशैक्षणिक कामं पुरे झाली म्हणून. त्यांची तक्रार चुकीची नव्हती. पण शिक्षकांची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद होतच असते. त्यातला एक तास आसपासच्या तांड्यांवरच्या स्वयंसेवक मुलामुलींना दिला तर? कोणाची आजी कुठल्या अक्षरावर थांबली, कोणी रेशनकार्ड घेऊन शिकवलं, कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रात्री घेतला तर किती जणी आल्या, एवढंच बोलायचं. दोन आज्याही बोलवाव्यात. वर्ग कंटाळवाणा झाला तर नातीआधी त्याच सांगतील.

२०२६-२७ हे योजनेचं शेवटचं वर्ष. त्यातले कापूस वेचणीचे महिने वजा केले, तर वर्गांसाठी हातात उरतात ते पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले दिवस.