खाट मिळाली, पुढे काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांच्या भेटी झाल्या, चौकशी समिती नेमली गेली, खाटा किती आणि डॉक्टर किती याचे हिशेब मांडले गेले. ते मांडायलाच हवे होते. परंतु त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून जे जिवंत बाहेर पडतात आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, दिव्याच्या चाळींत, डोंबिवलीतील बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर परत जातात, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही.

अतिदक्षता विभाग ही तशी अलीकडची संस्था. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. (यंत्राच्या आधी माणसांचे हात होते, हे यंत्रखरेदीच्या निविदा काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) त्यानंतर जीव वाचवण्याचे तंत्र झपाट्याने पुढे गेले, वाचलेल्यांच्या हालांना नाव मिळायला मात्र २०१० साल उजाडावे लागले. अमेरिकेतील तज्ज्ञांनी तेव्हा या अवस्थेला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ म्हटले. निपचित पडून स्नायू झिजतात. पेला उचलताना हात थरथरतो. गुंगीतले भास घरी आल्यावरही रात्री झोपू देत नाहीत. हिशेब चुकतो, नावे आठवत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या दर दहा रुग्णांपैकी चौघांची विचारशक्ती तीन महिन्यांनंतरही डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसाइतकी खालावलेली आढळली.

सुखवस्तू घरात अशा माणसाला विश्रांती मिळते. वागळे इस्टेटमधल्या कंत्राटी कामगाराला वा डोंबिवली एमआयडीसीतल्या हेल्परला ती कोठून मिळणार? कल्याणहून सकाळची लोकल पकडणे धडधाकट माणसालाही जिवावरचे ठरते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी पडून मेले. जिना चढताना दम लागणाऱ्याने त्या दारात कसे उभे राहावे? बाहेरून तो बरा दिसतो, म्हणून मुकादम त्याला कामचुकार ठरवतो आणि कधी कधी घरचेही ठरवतात. त्याची शुश्रूषा करणारी पत्नी तोवर धुणीभांड्यांची कामे गमावून बसलेली असते. तिच्या खचण्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर नसते.

कायदा येथे अर्ध्या वाटेवर थांबतो. राज्य कामगार विम्याचा मूळ कायदा १९४८ चा. या विम्याखाली आजारपणात वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. दीर्घ मुदतीचा वाढीव भत्ता ठरावीक ३४ रोगांपुरता आहे, आणि त्या यादीत अतिदक्षतेनंतरच्या दुर्बलतेला जागा नाही. ज्यांच्यामागे विमाच नाही अशा नाकाकामगारांची व घरेलू कामगारांची तर गोष्टच वेगळी. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरच्या औषध-तपासणीची जबाबदारी सर्वसाधारणपणे १० दिवसांची धरली गेली. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात की अशा रुग्णाची फेरतपासणी दोन ते तीन महिन्यांनी झाली पाहिजे. आपली जबाबदारी जेथे संपते, त्यानंतर कितीतरी दिवसांनी तेथली तपासणी सुरू होते!

हे आपल्याकडे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. करोनाच्या काळात राज्यातील सरकारी रुग्णालयांतून ‘पोस्ट कोविड’ बाह्यरुग्ण विभाग निघाले होते. फुप्फुसांची तपासणी, श्वसनाचे व्यायाम, मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला एकत्र देण्याची ती कल्पना योग्यच होती. साथ ओसरली म्हणून गरज ओसरली नाही. विंचूदंश, सर्पदंश, रेल्वे अपघात, कारखान्यांतील स्फोट यांतून वाचलेले रुग्ण आजही त्याच अवस्थेत घरी जातात.

पुरोगामी चळवळीच्या कार्यकर्त्यांनाही येथे स्वतःकडे पाहावे लागेल. मध्यरात्री दूरध्वनी करून खाट मिळवून देणे, रक्ताची बाटली आणणे, बिल कमी करून घेणे यात ठाणे-कल्याणचा कार्यकर्ता तरबेज आहे. रुग्ण घरी आला की मात्र फाइल मिटते. तिसऱ्या महिन्यात त्याच्या दारी कोण जाते?

मागण्या साध्या आहेत. कळव्याचे रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर येथे आठवड्यातून एक दिवस अतिदक्षतेतून परतलेल्यांसाठी राखून ठेवावा. तेथे फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ कायम पदावर असावेत, कंत्राटी नव्हेत. दूरच्या रुग्णाला प्रवासभाडे द्यावे. घरी जाऊन चौकशी करण्याचे काम आशांवर सोपवायचे तर त्याचा वेगळा मोबदला आधी ठरवावा. कामगार विम्याच्या वाढीव भत्त्याच्या यादीत या अवस्थेचा समावेश व्हावा, यासाठी कामगार संघटनांनी केंद्राकडे निवेदने धाडावीत. आणि दोन्ही महापालिकांच्या अर्थसंकल्पावर चर्चा होईल तेव्हा नव्या व्हेंटिलेटरच्या आकड्याशेजारी या कामाचा आकडा कोठे आहे, असे सभागृहात विचारले जावे.