मुठीचें बळ आणि वाढतें वय

एकत्र कुटुंबांत भावंडें एका पंक्तीस बसतात, आणि त्यांची तुलनाही रोज होते. "अरे, तो तुझ्याच वयाचा ना? मग भरली बादली तुला कां उचलत नाहीं?" हे शब्द बहुतेक घरीं ऐकूं येतात. यांत निरपराध मुलावर पुष्कळदां अन्याय होतो. म्हणून हा विषय आज आम्ही हातीं घेत आहों.

मुठीचें बळ मोजणाऱ्या यंत्रास डायनॅमोमीटर म्हणतात. त्याची दांडी आवळली कीं बळाचा आंकडा किलोग्रॅममध्यें कळतो. दांडी हाताच्या मापास जुळवून घ्यावी, व मध्यें विसांवा देऊन प्रत्येक हातानें तीनदां आवळावी.

सुमारें 12 वर्षांपर्यंत मुलगे व मुली यांच्या मुठींत अंतर थोडें असतें. पुढें मुलग्यांचें बळ झपाट्यानें वाढतें. परंतु उंची आधीं वाढते, बळ तिच्या मागून येतें. आणि ही वाढ कोणाची लवकर, तर कोणाची दोन-तीन वर्षें उशिरा सुरू होते. म्हणजे पत्रिकेनें समवयस्क असलेले दोघे शरीरानें समवयस्क असतातच असें नाहीं. उंची, वजन व हाताचा घेर न पाहतां एकास दुबळा ठरविणें हा न्याय नव्हे.

आमच्या सातारा-सांगलीकडील मल्लांचेंच पाहा. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं 1952 सालीं हेलसिंकी येथें 57 किलोच्या गटांत कांस्यपदक मिळविलें. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनीं 1962 सालीं जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें, तें त्याहून पुष्कळ जड गटांत. दोघांस एकमेकांशीं झुंजविण्याचें कोणाच्या मनांत तरी येईल काय? आखाड्यास जें कळतें तें माजघरासही कळावें.

औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार शाळांतून रुजविले, ते उत्तमच. परंतु मुठीसाठीं मल्लखांब, दोर व लोंबकळणें यांचीही जोड हवी.

तेव्हां घरीं एक वही घालावी. दर सहा महिन्यांनीं प्रत्येक मुलाची उंची व वजन, आणि शाळेंत यंत्र असल्यास मुठीचें बळही, तींत टिपावें. मुलाची तुलना त्याच्याच मागील आंकड्यांशीं करावी. वाढ खुंटलेली दिसल्यास वैद्यास दाखवावें. या वहींत मुलींचीं पानेंही असावींत. दूध-तूप कोणाच्या पानांत कमी पडतें, हें ती वही न बोलतां सांगेल.