चवीला दहापैकी दहा, बीपीला किती?



गेल्या महिन्यात एक काका-काकू दवाखान्यात आले होते. काकांचं वय ६२, बीपीच्या दोन गोळ्या चालू, आणि तरीही मशीनवर आकडा १६०/१००. मी विचारलं, "मीठ कमी केलंत का?" काका गप्प. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, आमटीत मीठ जरा कमी घातलं की पहिल्याच घासाला हे चमचा खाली ठेवतात आणि मान हलवतात, टीव्हीवरच्या त्या शेफसारखी! मग मीच मीठ वाढते. रोज रोज नापास कोण होणार?"

आम्ही तिघंही हसलो. पण काकूंचं ते शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

स्वयंपाकाच्या स्पर्धा मीही आवडीने पाहतो. मास्टरशेफ इंडिया २०१० मध्ये सुरू झालं. संजीव कपूर, विकास खन्ना, रणवीर ब्रार, गरिमा अरोरा अशा जाणत्या शेफनी वेगवेगळ्या पर्वांत परीक्षकाच्या खुर्चीवर बसून कितीतरी साध्या घरांतल्या स्वयंपाकाला मान मिळवून दिला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. चव कशी आहे, पदार्थ नीट शिजलाय का, ताट कसं मांडलंय, काही नवीन सुचलंय का, हे पाहणं हे त्यांचं काम. ते काम ते चोख करतात.

माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. त्यांची खुर्ची आपण उचलून आपल्या जेवणाच्या टेबलाशी आणली, आणि ती इथे बसत नाही.

एक चमचा आणि तीस वर्षं

परीक्षक प्रत्येक ताटातला एक-दोन चमचे घास घेतो आणि पुढे सरकतो. पहिल्या घासाला बाजी मारणाऱ्या गोष्टी तीन: मीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ. माणसाच्या इतिहासात या गोष्टी फार काळ दुर्मिळ होत्या, म्हणून त्या मिळाल्या की मेंदू खूश होतो. हातात तासभर वेळ असलेला स्पर्धक शेवटी लोण्याचा एक गोळा सोडतो, तो उगाच नाही. एक मोठा चमचा लोणी म्हणजे सुमारे १०० कॅलरी. परीक्षकाच्या वाट्याला त्यातला कण येतो. तुम्ही मात्र अख्खी वाटी खाता, आणि ती पुढची तीस वर्षं.

जिभेचा निकाल दोन मिनिटांत लागतो. रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं आणि हृदय यांचा निकाल उशिरा लागतो, पण लागतो. आणि तिथे पुढच्या पर्वात पुन्हा संधी मिळत नाही.

परीक्षकांनाही यातून सूट नाही. अमेरिकेतल्या मास्टरशेफचे एक परीक्षक ग्रॅहम एलियट यांनी २०१३ मध्ये वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल उघडपणे सांगितलं. लठ्ठपणाची कारणं अनेक असतात, एकट्या चाखण्याला दोष देता येणार नाही. पण ज्याची जीभ इतकी तयार, त्यालाही शरीराचं वेगळं ऐकावं लागलं.

मग आजाऱ्याने बेचव खायचं का?

मुळीच नाही! "पथ्य म्हणजे बेचव" हा गैरसमज आम्हा डॉक्टरांनीही वाढवला आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग खरं तर वास असतो. सर्दी झाली की जेवण मातीसारखं का लागतं, ते आठवा. अमेरिकेतल्याच मास्टरशेफमध्ये २०१२ साली क्रिस्टीन हा जिंकल्या. एका आजारामुळे त्यांची दृष्टी गेली होती. वास, स्पर्श आणि चव यांच्या जोरावर त्यांनी डोळस स्पर्धकांना मागे टाकलं.

वय वाढलं की वास घेण्याची क्षमता कमी होते, म्हणून ज्येष्ठांना जेवण अळणी लागतं आणि ते मीठ मागतात. खरं तर तिथे वास वाढवायला हवा: लसणाची चुरचुरीत फोडणी, ताजी कोथिंबीर, आलं, भाजलेलं जिरं, लिंबू. यातल्या कशानेही मीठ वाढत नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे जीभ शिकते. मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत तिला कमी मिठाची सवय होते, आणि मग जुनी आमटीच खारट लागते. म्हणून एकदम अळणी करू नका, दर आठवड्याला चिमूटभर कमी करा.

परीक्षकांकडून काय शिकायचं?

१. ते कमी खातात आणि लक्ष देऊन खातात. आपण तोच कार्यक्रम पाहता पाहता फरसाणाचा डबा संपवतो.

२. ते आधी चाखतात, मग बोलतात. आपण चाखायच्या आधीच वरून मीठ घेतो. मिठाचं भांडं टेबलावरून उचला.

३. ते पदार्थात काय काय पडलंय ते विचारतात. तुम्हीही विचारा. प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात लोणचं, पापड, ब्रेड, सॉस आणि फरसाणातलं मीठही आलं.

४. ते उणीव सांगतात तसं कौतुकही करतात. हे तर घरी सगळ्यात आधी शिकायला हवं.

एक सावधगिरी: बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आणि मीठ कमी केलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

शेवटी एक कबुली. काकूंचं बोलणं मला इतकं लागलं, कारण मीही घरी हेच करत आलो आहे. दमून येतो, पहिल्या घासाला कपाळावर आठी पडते, आणि समोरचं माणूस ती आठी वाचतं. मग ते पथ्य सांभाळणार की आपली आठी? पथ्य मोडतं ते बहुतेक वेळा इथे. त्यासाठी स्वयंपाक करणाऱ्याला दोष देणं चूक आहे.

काकांना मी सांगितलं, "परीक्षक तुम्हीच राहा. पण गुण आमटीला द्यायचे नाहीत, घरच्या बीपीच्या वहीला द्यायचे. सहा आठवड्यांनी निकाल घेऊन या. तोवर पहिल्या घासाला मान हलवायची ती फक्त वर-खाली."

काकू हसल्या. काकांनी लगेच मान हलवून दाखवली, वर-खाली.

निकाल यायचा आहे.