निकालाला गर्दी, जामिनाला शुकशुकाट



१३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये, अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारलं. जमावात बहुतेक बायका होत्या, जरीपटका ठाण्याच्या हद्दीतल्या कस्तुरबा नगरच्या. हातात दगड, तिखटाची पूड, भाजी चिरायच्या सुऱ्या. पोलीस हजर होते, पण जमावापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. त्यानंतर दहा वर्षं खटला रेंगाळला आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

त्या निकालावर तेव्हा जे बोललं गेलं, तेच आजही बोललं जातं. बायकांनी बरोबर केलं, असाच न्याय पाहिजे. २०२१ मध्ये या घटनेवर ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट आला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर मालिका आली. कुठेही नवा खून, नवा बलात्कार झाला की मोबाइलवर पुन्हा कस्तुरबा नगरचं नाव फिरू लागतं: तसंच करा, कोर्टाच्या नादी लागू नका.

हे पत्रक त्या टाळ्यांच्या विरोधात आहे. त्या बायकांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण ज्यांनी स्वतःच्या दारात गुंड कधी पाहिला नाही, अशी माणसं घरात बसून त्यांच्या नावाने टाळ्या वाजवतात, त्यांना आम्ही विचारतो: त्या बायका कोर्टात सुऱ्या घेऊन गेल्या, त्याच्या आधीची दहा-बारा वर्षं तुम्ही कुठे होता?

त्या वर्षांत काय चाललं होतं ते बायकांनी वारंवार सांगितलं आहे. खंडणी, मारहाण, घरात घुसून बलात्कार, खून. बहुसंख्य घरं दलितांची, हातावर पोट असलेल्यांची. तक्रार घेऊन ठाण्यात गेलं की बाईलाच उलटे प्रश्न, आणि तक्रार केल्याची खबर संध्याकाळपर्यंत अक्कूच्या कानावर. त्याला अटक होत नव्हती असं नाही. अनेकदा झाली. एकदा तर तो वर्षभर स्थानबद्धही होता. पण दर वेळी सुटून त्याच गल्लीत आला, आणि दर वेळी आधीपेक्षा निर्धास्त होऊन आला. जिने तक्रार केली तिच्या दारावरून तो छाती काढून चालत जायचा. मग दुसरी तक्रार कोण करणार? ऑगस्ट २००४ मध्ये तो पुन्हा जामिनावर सुटणार ही बातमी वस्तीत पसरली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

याच नागपुरात दीक्षाभूमी आहे, म्हणून बाबासाहेबांची आठवण करून देणं आम्हाला भाग आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की घटनात्मक मार्ग खुले असताना बेकायदा मार्गांचं समर्थन होऊ शकत नाही. हे वाक्य जमावाला ऐकवायला सगळे पुढे येतात. पण त्याच भाषणात त्यांनी हेही म्हटलं होतं की घटनात्मक मार्ग उरलेलेच नसतात तेव्हा दुसऱ्या मार्गांना बरंच समर्थन असतं. तेव्हा कस्तुरबा नगरच्या बायकांना नीतीचे धडे देण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: त्यांच्यासाठी कोणता मार्ग खुला होता? ठाण्याचा? कोर्टाचा? त्या कोर्टात त्यांचं म्हणणं कोणी, कधी विचारलं होतं?

आणि २०१४ च्या निकालाने तरी काय मिळालं? अक्कूच्या खुनासाठी कोणी दोषी ठरलं नाही, हे ठीक. पण अक्कूने ज्यांना मारलं, ज्यांच्यावर अत्याचार केले, त्यांची प्रकरणं त्याच्याबरोबर संपली. ज्यांनी तक्रारी दाबल्या त्यांना जाब विचारणारा निकाल कुठे आहे? दहा वर्षं वस्तीतल्या बायकांनीच आरोपी म्हणून तारखांना खेटे घातले, रोजी बुडवली. याला विजय म्हणायची आमची तयारी नाही.

खुनाच्या निकालाच्या दिवशी न्यायालयाबाहेर गर्दी असते. कॅमेरे असतात, घोषणा असतात, फाशी झाली तर पेढे वाटतात, जन्मठेप झाली तर न्यायाधीशांना शिव्या. गर्दीचं दुःख खरं असतं, पण पुढचा खून अडवायचा असेल तर ती गर्दी काही वर्षं उशिरा आलेली असते. ज्या दिवशी याच आरोपीच्या मागच्या गुन्ह्यातल्या जामिनावर सुनावणी झाली, त्या दिवशी कोर्टरूममध्ये कोण होतं? आरोपीचा वकील, सरकारी वकील, एखादा हवालदार आणि समोर कामाचा ढीग असलेले न्यायाधीश. फिर्यादीला तारीखच माहीत नाही. पोलिसांचा ‘से’, म्हणजे जामीन अर्जावरचं लेखी म्हणणं, दीड पानाचा, आणि त्यात तीच ठराविक वाक्यं: आरोपी पळून जाईल, साक्षीदारांवर दबाव आणेल. याच आरोपीवर आधी किती गुन्हे आहेत, कोणत्या गुन्ह्यात तो आधीच जामिनावर आहे, मागच्या वेळी हजेरीची अट पाळली का, बाहेर असताना कोणाला धमकावलं, हे त्यात नसतं. कागदावर नसलेलं न्यायाधीशांनी कुठून वाचायचं? अशा वेळी जामीन मंजूर झाला तर दोष केवळ न्यायाधीशांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. आणि तपास ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत संपवून दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामीन हक्कानेच मिळतो. तिथे तर न्यायाधीशांच्या हातात काहीच उरत नाही.

डिसेंबर २०१९ चा पहिला आठवडा आठवा. ६ डिसेंबरच्या पहाटे हैदराबादजवळ पोलिसांनी बलात्कार आणि खुनातल्या चार आरोपींना गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, देशभर मिठाई वाटली गेली. त्याच रात्री दिल्लीत सफदरजंग रुग्णालयात उन्नावची एक तरुणी मरण पावली. बलात्काराच्या खटल्यासाठी रायबरेलीला जायला ती आदल्या दिवशी पहाटे घरातून निघाली होती. वाटेत तिला पेटवून दिलं. पेटवणाऱ्यांत तिच्यावर बलात्काराचा आरोप असलेला आणि काही दिवसांपूर्वीच जामिनावर सुटलेला माणूस होता. एकीकडे फुलं पडत होती, आणि जामिनाच्या वेळी तिला संरक्षण दिलं असतं तर वाचली असती अशी मुलगी दुसरीकडे जात होती. तिच्या आरोपीच्या जामीन सुनावणीकडे आपल्यापैकी कोणाचं लक्ष होतं? पुढे त्या चकमकीचं काय झालं तेही ऐका. आपल्याच नागपूरचे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची कहाणी बनावट ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली.

आणि हे दूरचं वाटत असेल तर कल्याण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका अल्पवयीन मुलीचं अपहरण झालं. तिचा मृतदेह भिवंडी तालुक्यात बापगावजवळ सापडला. ज्याला अटक झाली त्याच्यावर आधीचे विनयभंगाचे, पोक्सोचे गुन्हे होते आणि तो जामिनावर बाहेर होता. मोर्चे निघाले, फाशीच्या घोषणा झाल्या. एप्रिल २०२५ मध्ये तो तळोजा कारागृहात मृतावस्थेत आढळला आणि त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. आधीच्या प्रत्येक प्रकरणात त्याला जामीन कसा मिळाला, ‘से’मध्ये काय लिहिलं होतं, जामीन रद्द करण्याचा अर्ज कोणी का केला नाही, याची जाहीर चौकशी करा म्हणून किती मोर्चे निघाले?

काही मित्र म्हणतात, मग जामीनच बंद करा. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तिघांचा खटला संपलेला नव्हता. त्यांत जामीनदार मिळत नाही म्हणून अडकलेला मजूर आहे, वकील परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षं आत असलेला आदिवासी आहे. पहिल्यांदाच पकडला गेलेला पाकीटमार आत सडतो आणि पाच-सहा हिंसक गुन्हे नावावर असलेला दादा बाहेर फिरतो, कारण त्याच्याकडे चांगला वकील आहे आणि जामीनदार त्याच्या खिशात आहेत. जामिनाचं दार सरसकट बंद केलं तर तोच मजूर आणखी अडकेल. दादा दुसरी वाट काढेल.

आमची मागणी नेमकी आहे. वारंवार हिंसक गुन्हे करणाऱ्याच्या जामिनाच्या वेळी त्याची पूर्ण कुंडली न्यायालयापुढे आलीच पाहिजे. कायदा आजही हेच सांगतो. २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका सराईत गुन्हेगाराचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो त्याचा पूर्वेतिहास दुर्लक्षिला गेला म्हणूनच. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की पीडितांना जामिनासह प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ मध्ये दलित-आदिवासी पीडितांसाठी हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. सरकारी वकील गप्प बसला तर फिर्यादी स्वतः जामीन रद्द करण्याचा अर्ज करू शकते, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगून ठेवलं आहे.

म्हणून पोलीस आयुक्त आणि अधीक्षकांकडे आमचं मागणं आहे की हिंसक गुन्ह्यातल्या प्रत्येक ‘से’सोबत आरोपीचे आधीचे सगळे गुन्हे, चालू जामीन आणि मोडलेल्या अटी यांचा तक्ता जोडणं सक्तीचं करा. तो न जोडणाऱ्या तपास अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा मागा. जामिनावर असताना नवा गुन्हा नोंदला गेला की जुना जामीन रद्द करण्याचा अर्ज ठरावीक दिवसांत गेलाच पाहिजे. आणि गुंड सुटणार असेल तर तक्रारदार बाईला तो गल्लीत दिसण्याआधी ठाण्यातून कळलं पाहिजे.

वस्तीतल्या भगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. केस नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख दिसते. शिकलेल्या पोरा-पोरींकडून ती दर आठवड्याला बघून घ्या. बाईला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं. जामिनाच्या तारखेला एकटीने जाऊ नका, वस्तीतल्या दहा-वीस जणी मिळून जा आणि कोर्टात शांत बसा. जामिनावर सुटलेल्याने धमकी दिली तर त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणी ऐकलं ते साध्या कागदावर मराठीत लिहा. एक प्रत ठाण्यात द्या, एक सरकारी वकिलाला. दोन्हीकडे शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून उठू नका.